गाण्याच्या नादी लागलेला मुलगा

(बुऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गदगचे गुरुराज जोशी शाळामास्तर होते. त्यांचा थोरला मुलगा घरी टिकत नसे. रस्त्यानं भजनाची दिंडी निघाली, लग्नाची वरात आली, बँड वाजला, की पोरगं त्यामागं चालू लागायचं. पाय थकले की जिथं असेल तिथं झोपायचं. शोधून शोधून घरचे हैराण झाले, तेव्हा वडिलांनी एक उपाय काढला. मुलाच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून टाकलं. मग झोपलेलं पोर कुणालाही सापडलं तरी ते उचलून घरी आणून सोडलं जाऊ लागलं.

हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. जन्म ४ फेब्रुवारी १९२२. कानावर पडलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीच्या रेकॉर्डनं त्याला झपाटलं. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, जेवताना तुपावरून आईशी रुसवा झाल्याचं निमित्त झालं आणि तो घरातून निघाला. विजापूर, पुणे करत ग्वाल्हेर गाठलं. खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, डब्यातल्या लोकांना गाणं ऐकवायचं आणि पुढं सरकायचं. मुंबईहून भुसावळमार्गे ग्वाल्हेरला जाणारा लोहमार्ग बुऱ्हाणपूरवरूनच जातो. ग्वाल्हेरच्या गाण्याच्या ओढीनं दक्षिणेतून वर निघालेल्या कित्येकांचे पाय आपल्या या मुलखातून गेले आहेत. भीमसेनच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर धार आणि ग्वाल्हेरला गाणं शिकायला गेले ते असेच घर सोडून.

ग्वाल्हेरला हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीनं भीमसेनला माधव संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. तिथूनही तो पुढं निघाला. कलकत्त्यात नट पहाडी सान्याल यांच्या घरी राहिला. जालंधरला पोचला. तिथं विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं, की इतकं लांब कशाला भटकतोस, सवाई गंधर्व तुझ्या गावाजवळच तर आहेत. वडील शोधत जालंधरला आले आणि मुलाला घेऊन गेले. १९३६ साली कुंदगोळला सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य म्हणून घेतलं.

ही गोष्ट मराठी घराघरात सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत चमक असते. पण ज्या क्षणी तो मुलगा विनातिकीट डब्यात बसला होता, त्या क्षणी कौतुकाला जागा नव्हती. त्या घरात त्या रात्री आईला झोप लागली नसेल. आजूबाजूचे लोक काय म्हणाले असतील हे सांगायला नको. पोरगं वाया गेलं, गाण्याच्या नादी लागलं. २००८ सालचं भारतरत्न त्या रात्री कुणाला दिसत नव्हतं.

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा हाच आहे. गाण्यानं झपाटलेल्या, शाळेत, घरात, गल्लीत कुठंच न बसणाऱ्या मुलाची गोष्ट मराठीत भरपूर आहे, पण ती चरित्रात आणि आठवणींत आहे. कादंबरीत ती फार थोडी आहे. चरित्राला शेवट आधीच ठाऊक असतो. मुलगा मोठा झाला म्हणून त्याचं पळून जाणं सुंदर ठरतं, आणि जो मोठा झाला नाही त्याचं चरित्र कुणी लिहीत नाही. भीमसेनच्याच वयाची, त्याच वर्षांत घर सोडून निघालेली आणखी किती मुलं कुठल्या स्टेशनावर राहिली असतील? त्यांचं गाणं खोटं होतं असं कोण म्हणेल? अशा मुलासाठी कादंबरी लागते. तिला बक्षीससमारंभापर्यंत थांबायची गरज नसते.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला या विषयावर बोलताना लांब जावं लागत नाही. खंडवा इथून सुमारे ७० किलोमीटर, आणि १५ ऑगस्ट २००३ पर्यंत बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्याचाच भाग होतं. त्या खंडव्यात वकील कुंजलाल गांगुली यांच्या घरी ४ ऑगस्ट १९२९ रोजी आभासकुमार जन्मला, ज्याला पुढं जग किशोरकुमार म्हणून ओळखू लागलं. घर बंगाली, गाव निमाडी, शाळा हिंदी. सैगलच्या गाण्याचं वेड. रीतसर तालीम कुणाची नाही. थोरले बंधू अशोककुमार सांगत असत, की लहानपणी किशोरचा आवाज बसका, चिरका होता. मग एकदा पायाच्या बोटाला विळी लागली आणि वेदनेनं तो दिवसचे दिवस रडत राहिला. त्या रडण्यानं गळा मोकळा झाला. वैद्यकाच्या दृष्टीनं या कहाणीत किती तथ्य आहे हा भाग वेगळा. घरातल्या लोकांना या मुलाच्या आवाजाचं दुसरं स्पष्टीकरण सापडलं नाही, हे मात्र तिच्यातून कळतं. गुरू नाही, घराणं नाही, रियाजाची शिस्त नाही, मग हे आलं कुठून?

पुढं इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात असताना कँटीनवाल्याची उधारी थकली होती. १९५८ सालच्या ‘चलती का नाम गाडी’तलं पैशाच्या हिशेबाचं गाणं त्या उधारीवरून सुचलं, अशी गोष्ट इंदुरात अजून सांगतात. चिरका आवाज असो की थकलेली उधारी, या मुलाच्या प्रत्येक बेशिस्तीला मागाहून सोन्याचा मुलामा चढला. त्याच कॉलेजात त्याच वर्षी उधारी थकवणारी दुसरीही मुलं होती, आणि त्यांतलं कुणी गातही असेल.

आता मुलींचं. मुलगा पळून जाऊ शकत होता. मुलीला ती वाट नव्हती. गंगूबाई हनगल १९१३ साली धारवाडला जन्मल्या. लहानपणी रस्त्यावर ग्रामोफोनचा आवाज आला की त्या धावत बाहेर जात. आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीचा कल हिंदुस्थानी गाण्याकडं आहे हे पाहून, आपल्या गाण्याचं वळण तिच्या गळ्यावर बसू नये म्हणून त्या माउलीनं स्वतःचं गाणं थांबवलं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, अकरा वर्षांच्या गंगूबाई गायल्या. पुढं सवाई गंधर्वांकडं शिकायला त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जात आणि संध्याकाळी घरी परतत. कुंदगोळात राहून शिकणारा भीमसेन संध्याकाळी त्यांना स्टेशनपर्यंत सोबत करायचा. एक गुरुगृही राहणारा मुलगा, एक संध्याकाळची गाडी चुकवू न शकणारी बाई, दोघांच्या डोक्यात एकाच गुरूकडून नुकतीच मिळालेली जागा घोळते आहे, आणि स्टेशनची वाट संपत आली आहे. ही वाट चरित्रात दोन ओळींत संपते. कादंबरीकाराला तिथं एक अख्खं प्रकरण मिळालं असतं.

मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट तर आणखी कठीण. गोव्यातल्या कुर्डीत १९०४ साली जन्म, वयाच्या दहाव्या वर्षी आई गेली, मग नाटक कंपन्यांतली वणवण. सांगलीत त्या गात असताना आवाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि ते स्वतः शिकवायला येऊ लागले. मोगूबाई तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. पोरकी मुलगी, परकं गाव, आणि आवाजाशिवाय जवळ काही नाही. मराठीत या वयाच्या, अशा मुलीच्या मनात शिरणारी मोठी कादंबरी अजून यायची आहे, आणि ती उणीव बोचणारी आहे.

युरोपात या जातीच्या कादंबरीचा मोठा नमुना म्हणजे रोमँ रोलाँचं ‘जाँ-क्रिस्तोफ’. १९०४ ते १९१२ या काळात दहा खंडांत ते प्रसिद्ध झालं आणि रोलाँना १९१५ चं नोबेल मिळालं. ऱ्हाइनकाठच्या एका गावात वाढणारा मुलगा, बाप दारुडा वादक. पोराच्या अंगी कला आहे हे कळताच बाप त्याला पियानोला जुंपतो, कारण लहान मुलाच्या वादनाला पैसे मिळतात. आजोबा मात्र दाराआडून ऐकतात. मुलगा खेळताना स्वतःशीच जे गुणगुणतो ते गुपचूप स्वरलिपीत उतरवून ठेवतात, आणि एक दिवस त्याला त्याचंच गाणं वाजवून दाखवतात. पहिल्या खंडातला हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. तरीही रोलाँच्या डोळ्यांसमोर बीथोव्हन होता. मुलगा थोर होणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं आहे.

१९५१ साली अमेरिकेत जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ आली आणि ही हमी निघून गेली. होल्डन कॉलफिल्ड सोळा वर्षांचा, शाळेतून काढलेला, गायक नाही, वादक नाही. पण न्यूयॉर्कमध्ये हिंडताना तो धाकट्या बहिणीसाठी एक जुनी रेकॉर्ड विकत घेतो. त्या रात्री नशेत बागेत ती हातातून पडते आणि तिचे तुकडे होतात. तो ते तुकडे खिशात घालून घरी जातो. बहीण काय करते? तुकडे मागून घेते आणि जपून ठेवते. मुलाच्या संगीतप्रेमाबद्दल एवढं खरं क्वचितच कुणी लिहिलं असेल. तिथं सूर नाही, ताल नाही, फुटलेल्या रेकॉर्डचे तुकडे आहेत आणि ते मोलाचे आहेत असं मानणारं एक माणूस आहे.

होल्डनशी ज्याची तुलना मराठीत हमखास होते तो ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर तर आपल्या शेजारचा. भालचंद्र नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. १९६३ साली त्यांची ‘कोसला’ आली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातला मुलगा पुण्यात शिकायला जातो, तिथं बसत नाही, परत येतो तर घरातही बसत नाही. त्याचीही धाकटी बहीण आहे, आणि देवीच्या आजारात ती जाते. त्या भागातलं गद्य ज्यानं एकदा वाचलं तो ते विसरत नाही. ‘कोसला’ संगीताची कादंबरी नव्हे. पण कुठंच न बसणाऱ्या मुलाला मराठी कादंबरीत मानानं जागा मिळाली ती इथून, आणि तो मुलगा आपल्या केळीच्या पट्ट्यातला होता, याचा अभिमान तापीच्या दोन्ही काठांना असायला हवा.

संगीत आणि बेबनाव, दोन्ही एकत्र सापडतात ते किरण नगरकरांकडं. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहिणाऱ्या या मराठी लेखकाची ‘रावण अँड एडी’ ही कादंबरी १९९५ मध्ये इंग्रजीत आली आणि पुढं ‘रावण आणि एडी’ म्हणून मराठीतही. माझगावची चाळ, एका मजल्यावर हिंदू, दुसऱ्यावर कॅथलिक. रावण पवार तान्हा असताना वरून पडतो आणि त्याला झेलायला गेलेला एडीचा बाप मरतो. त्या क्षणापासून दोन घरांमध्ये वैर, आणि ती दोन मुलं एकमेकांना बांधलेली. रावण शम्मी कपूरच्या ‘दिल देके देखो’नं वेडा होतो, एडी ‘रॉक अराउंड द क्लॉक’नं. एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा आणि त्यासाठी पैसे कुठून आणायचे या विवंचनेत दोघांचं बालपण संपतं. नगरकर या मुलांना हसत नाहीत. ज्या गाण्याला घराण्याची माणसं कान देणार नाहीत त्या गाण्यानं मुलाचा जीव तितकाच जळतो, हे ते मान्य करतात. पुढल्या ‘द एक्स्ट्राज’ (२०१२) मध्ये ही मुलं सिनेमात जातात, ती गर्दीतली माणसं म्हणून.

आणि लंपन. मराठीत या विषयाचं सर्वांत मोठं काम प्रकाश नारायण संत यांचं, असं ठामपणे म्हणायला हवं.

संतांचा जन्म १९३७ चा. कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे ते पुत्र. व्यवहारातलं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. वडील १९४६ साली गेले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. पुढं ते कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘वनवास’ १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा वय सत्तावन्नच्या घरात. मग ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१), ‘झुंबर’ (२००२). २००३ मध्ये अपघातानं ते गेले. चारही पुस्तकांवर कथासंग्रह असं लिहिलेलं असलं तरी सलग वाचणाऱ्याला ती लंपन या एका मुलाच्या वाढण्याची एकच कादंबरी वाटते, आणि ते वाटणं बरोबर आहे.

आईवडील आणि धाकट्या बहिणी दुसऱ्या गावी, आणि लंपन आजी-आजोबांकडं. गाव बेळगावच्या बाजूचं. मुलगा घरात मराठी बोलतो, रस्त्यावर कानडी ऐकतो. तो बंडखोर नाही, पळूनही जात नाही. पण त्याचं आतलं आयुष्य इतकं दाट आहे की बाहेरच्या कुणाला त्यातलं अर्धंही समजत नाही. त्याच्या तोंडी ‘मॅडसारखं’ हा शब्द सारखा येतो. त्याचे आकडेही त्याचेच: मोठी माणसं पाच-दहा म्हणतील तिथं हा भलताच विषम आकडा फेकतो आणि वाचकाला तो पटतो. मैत्रीण सुमी समोर आली की पोटात काय होतं हे त्याला सांगता येत नाही, तरी पानोपानी तेच सांगितलेलं असतं.

‘शारदा संगीत’ या कथेत त्याला गावातल्या संगीताच्या वर्गाची ओढ लागते. इथं संतांनी जे केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मुलाचं गाणं चांगलं की वाईट यावर लेखक निकाल देत नाही. गुरुकृपा नाही, अलौकिक आवाजाचा साक्षात्कार नाही, मैफल जिंकणं नाही. बाकीच्या आयुष्यात परका वाटणारा मुलगा सुरांच्या संगतीत परका राहत नाही, एवढंच घडतं. भीमसेनच्या गोष्टीतला ग्वाल्हेर-जालंधरचा सगळा प्रवास लंपन एका गल्लीच्या अंतरात करतो. त्याचं पुढं काय झालं हे संत विचारत नाहीत, म्हणून वाचकही विचारत नाही.

संतांचं वाक्य मुद्दाम अडखळतं, वळसे घेतं, मध्येच दुसरीकडं जातं. दहा-बारा वर्षांचा मुलगा आठवत आठवत बोलतो तशी ती चाल आहे. प्रौढ लेखक मुलाच्या तोंडून बोलू लागला की बहुतेक वेळा शहाणपण डोकावतं. इथं ते चार पुस्तकांत जवळजवळ कुठंच डोकावत नाही, आणि ही कारागिरी फार दुर्मीळ आहे. निपुण धर्माधिकारी यांनी केलेली ‘लंपन’ ही मालिका २०२४ मध्ये आली. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फीत सर्वोत्तम वेब मालिकेचा पुरस्कार तिला मिळाला. पडद्यावर गाव, घर, वेशभूषा दिसते आणि मुलांनी कामंही जीव ओतून केली आहेत. तरी लंपनचं खरं घर त्याच्या वाक्यात आहे, त्यामुळं मालिका पाहिलेल्यांनी पुस्तकाकडं यायलाच हवं.

बुऱ्हाणपुरात लंपन वाचताना एक गोष्ट चटकन जाणवते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वेळी विदर्भाचे मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. दोन्ही ठिकाणी मराठी मुलाची घरातली भाषा एक आणि फळ्यावरची दुसरी. आपल्याकडं तर आणखी थर आहेत: शाळेत हिंदी, बाजारात उर्दू, शेतावर निमाडी नाहीतर अहिराणी, घरात मराठी. जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, आणि तो फारुकी सुलतानानं कोरवून घेतला आहे. या गावाला एका भाषेत राहायची सवय कधीच नव्हती.

अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर काय काय पडतं? यंत्रमागांची खडखड दिवसरात्र, इतकी की माग थांबले तरच लक्ष जातं. कव्वाली. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन. आजीच्या तोंडची ओवी. दहा दिवसांच्या गणपतीत ढोल आणि त्यावर सिनेमाची गाणी. खंडव्याच्या किशोरकुमारचा आवाज प्रत्येक पानटपरीवर. मागावर काम करणाऱ्या बापाच्या मुलानं त्या खडखडीतला ताल ओळखला, तर त्याला ते कुणाला सांगावंसं वाटेल? घरी सांगितलं तर अभ्यासाचं बघ म्हणतील. शाळेत सांगितलं तर पोरं हसतील. बेळगावच्या मुलाला संत भेटले. बुऱ्हाणपूरच्या मुलावर अजून मराठीत कुणी असं लिहिलेलं नाही, आणि हे काम बाहेरचा माणूस करू शकणार नाही. माग चालू असताना आणि बंद झाल्यावर गल्लीचा आवाज कसा बदलतो हे ज्याला झोपेतही कळतं, त्यालाच ते जमेल.

त्या कादंबरीतला मुलगा गायक होईलच असं नाही. तो केळीच्या गाड्या भरेल, बँकेत लागेल, भुसावळला रेल्वेत जाईल. मुलगी असेल तर तिची कथा आणखी निराळी निघेल, कारण मुलींची सोबत अजूनही स्टेशनच्या वाटेपाशी थांबते. इथल्या मराठी मंडळींनी घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ‘शारदा संगीत’ आधी वाचायला द्यावं आणि ‘वनवास’ नंतर. क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. ज्या मुलाला मराठी वाचायला जड जातं त्याला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. हे गद्य कानानं ऐकायचंच आहे, आणि आज या सभागृहात बसलेल्या आज्या-आजोबांना लंपनच्या आजीचा सूर फार चांगला साधेल.